चौथे माप

१

सन दोन हजार तेवीस, महिना ऑगस्ट. पंचांगात अधिक श्रावण चालू होता आणि कतारमध्ये ऐन उन्हाळा होता. समुद्रावरून दमट वाफ येते आणि सकाळी सात वाजताच खिडकीच्या काचेला बाहेरून घाम फुटतो, असा तो उन्हाळा.

अल खोरच्या पुढे एक खासगी नेमबाजी क्लब आहे. माझा मुलगा गंधार तेथे कार्यशाळेचा प्रमुख आहे. क्लबच्या आवारातच कर्मचाऱ्यांची बैठी घरे आहेत. त्या रांगेतले शेवटचे घर आमचे. माझ्या खोलीची मागची भिंत आणि कार्यशाळेची भिंत एकच. दरवाजे मात्र विरुद्ध बाजूंना, आणि मध्ये अंगण.

मी एकोणीसशे चौसष्ट साली मॅट्रिक झाले. पुढच्याच वर्षी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस म्हणून लागले आणि छत्तीस वर्षे पितळी पुंगळ्यांची मापे घेतली. हे गेल्यानंतर गंधारने मला येथे आणले. पहिला महिना मी खिडकीतून अंगण पाहिले. दुसऱ्या महिन्यात गंधार म्हणाला, "आई, नुसती बसून वाळशील. माझ्याकडे मोजायला माणूस नाही." त्याच्या व्यवस्थापकांनी माझी परीक्षा घेतली. वीस पुंगळ्या पुढे ठेवल्या, त्यांतल्या तीन मी बाजूला काढल्या, त्या तीनच वाईट होत्या. तेव्हापासून कार्यशाळेत एक मेज, एक मायक्रोमीटर आणि एक नोंदवही माझी झाली.

काम समजावून सांगते, कारण पुढचे सर्व त्यावरच आहे. लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी काडतुसे हाताने भरतात. पुंगळी म्हणजे काडतुसाचे पितळी अंग. तिची वरची निमुळती मान गोळीला धरून ठेवते. कोऱ्या पुंगळीची मान सगळीकडे सारख्या जाडीची नसते. म्हणून ती पोलादी खुंटीवर चढवून, हातातल्या लहानशा कातयंत्राने फिरवत फिरवत केसाएवढी तासतात. एका हातात यंत्र, दुसऱ्या हाताने पुंगळी फिरवायची. मिलिमीटरचे शंभर भाग केले, तर त्यांतले तेहेतीस एवढी जाडी राहिली पाहिजे. पातळ राहिली तर नेम बिघडतो. जाड राहिली तर त्याहून वाईट होते. ह्या बंदुकांची घरे, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, अत्यंत तंग कापलेली असतात. जाड मानेला फुगायला जागा उरत नाही, ती गोळीला सोडत नाही, आतला दाब वाढतो आणि तो मागे, झाडणाऱ्याच्या अंगावर येतो.

नव्या खेपेची पहिली काडतुसे गंधार स्वतः झाडतो. तो त्याच्या कामाचाच भाग आहे.

कापण्याचे काम इम्रान करतो. हा हैदराबादचा, अतिशय हलक्या हाताचा. तपासण्याचे काम माझे. पुंगळीच्या मानेवर चार बाजूंना चार मापे घ्यायची, चारही बरोबर असतील तर बुडावर निळ्या शाईचा ठिपका द्यायचा आणि वहीत सही करायची. आमच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी एक नियम शिकवीत. जो कातेल त्याने तपासू नये आणि जो तपासेल त्याने कातू नये. माणूस स्वतःच्या कामाचे माप घेत नाही, कौतुक करतो, असे आमचे फोरमन म्हणत. हा नियम मी गंधारलाही लहानपणापासून ऐकवला आहे. गृहपाठ त्याचा असे, तपासायची मी.

तीन ऑगस्टला इम्रान बहिणीच्या लग्नासाठी गावी गेला. हिवाळ्यातल्या स्पर्धेसाठी चारशे पुंगळ्यांची खेप चालू होती. तीनशे पन्नास झाल्या होत्या, पन्नास राहिल्या होत्या. रविवार, सहा ऑगस्ट रोजी गंधार दोह्याला गेला असताना मी त्या पन्नास स्वतः कातल्या. मला कोणी सांगितले नव्हते. मला वाटले, हात अजून चालतो का पाहावे. हात चालला. मग मीच त्या तपासल्या.

शेवटच्या काहींपैकी एकीची तीन मापे झाली होती, तेवढ्यात सून नमिता दारात आली आणि म्हणाली, "आई, पान वाढले आहे, भात निवतो." मी ठिपका दिला आणि उठले. चौथे माप घेतले की नाही, हे मला हात धुताना आठवेना.

२

दुपारी साडेबारा ते चार कार्यशाळा बंद असते. उन्हाळ्यात साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करायला सरकारी बंदीच आहे, त्यामुळे मैदानही ओस पडते. गंधार जेवून आपल्या खोलीत झोपतो. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर असते.

मंगळवारी, आठ तारखेला, मी पोथी घेऊन पडले होते. वातानुकूलन यंत्राची घरघर होती. तिच्याखालून मला दुसरा एक आवाज ऐकू आला.

पितळ तासण्याचा आवाज लेथच्या आवाजासारखा नसतो. तो रेशमी कापड दोन बोटांत चोळावे तसा असतो. एक लांब सर, मग थांबणे, मग परत सर. मला तो झोपेतही ओळखता येईल. तो माझ्या उशाशी असलेल्या भिंतीतून येत होता.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. किल्ली खिळ्यावर होती. गंधारच्या खोलीचे दार लोटलेले होते. तो पालथा झोपला होता, एक हात पलंगाखाली लोंबत होता. नमिता सोफ्यावर मोबाईल पाहत होती.

"काही ऐकू येते का ग?" मी विचारले.

तिने कान दिला. "कंप्रेसर आहे, आई. मेंटेनन्सवाल्याला चार वेळा फोन केला. इन्शाल्ला, उद्या म्हणतो. त्याचा उद्या कधी उगवत नाही."

मी परत आले. आवाज थांबला होता. मी स्वतःशी म्हटले, कंप्रेसरच असेल. यंत्राला आवाज करण्याची सवय असते आणि म्हाताऱ्या माणसाला आवाजात अर्थ काढण्याची.

पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. आता मी नीट ऐकले, तपासनिसाने ऐकावे तसे. प्रत्येक सरीच्या आधी एक ठोका होता. लाकडावर लोखंड ठेवल्यासारखा, अगदी हलका. ठोका, मग काहीतरी फिरवून घट्ट केल्याची कुरकुर, मग सर. इम्रानच्या कामात असा ठोका नसतो, माझ्याही नव्हता. कातयंत्र आपण हातातून खाली ठेवतच नाही. ठेवण्याची गरजच पडत नाही, कारण दुसऱ्या हाताने पुंगळी बदलता येते.

यंत्र दर वेळी खाली ठेवावे लागते, बाकावरच्या व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंजात, आवळावे लागते, ते केव्हा? हा विचार मी तेथेच सोडला. कंप्रेसरला हात नसतात.

३

त्याच दिवशी, नऊ तारखेला, चार वाजता कार्यशाळा उघडताच मी चारशेच्या चारशे पुंगळ्या पुन्हा मोजायला घेतल्या. गंधारला म्हटले, "डोळ्यांची सवय राहावी म्हणून." त्याला ते पटले, किंवा त्याने ऐकले नाही.

मापनाआधी मायक्रोमीटर प्रमाण-ठोकळ्यावर लावून पाहिला. बरोबर होता. तीनशे ऐंशीवी की एक्क्याऐंशीवी पुंगळी हातात घेतली. तेहेतीस, तेहेतीस, तेहेतीस. चौथ्या बाजूला छत्तीस.

बुडावर माझा निळा ठिपका होता.

मला आधी आनंद झाला, हे कबूल करते. चूक सापडली की ती संपते, अशी माझी छत्तीस वर्षांची समजूत. नापास पुंगळीचे तोंड पकडीने चेपायचे, म्हणजे ती परत कोणाच्या हाती लागत नाही, ही आमची पद्धत. मी तोंड चेपले, पुंगळी भंगाराच्या डब्यात टाकली आणि उरलेल्या सर्व मोजून संपवल्या. त्या सर्व बरोबर होत्या. रात्रीचे जेवण मी पोटभर जेवले.

दहा तारखेला सकाळी, वहीत नीट नोंद असावी म्हणून, पुंगळ्यांची संख्या पाहिली. पन्नास पन्नासांचे आठ साचे असतात. प्रत्येक भोकात एक पुंगळी उभी राहते, त्यामुळे मोजायचेही कारण नाही, रिकामे भोक दिसतेच. एक भोक रिकामे असायला हवे होते.

एकही रिकामे नव्हते.

मी चारशे पुंगळ्या पुन्हा मोजल्या. त्या दिवशी जाड निघाली ती सहाव्या साच्यात होती. तीन बाजू बरोबर, चौथी छत्तीस, बुडावर ठिपका. मी तोंड चेपले. भंगाराच्या डब्यात आता दोन होत्या. दुपारी भिंतीतून आवाज आला. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीनंतर रविवारी सकाळी साचे भरलेले होते.

४

तेवीस ऑगस्टला जेवताना गंधारने ताटाशेजारी मूठ उघडली आणि चेपलेल्या अकरा पुंगळ्या ओतल्या.

"आई, ह्या काय आहेत?"

"नापास."

"सगळ्यांवर तुझा ठिपका आहे. आधी पास, मग नापास? तू तर सरकारी खात्याहून पुढे गेलीस."

नमिता हसली. मी हसले नाही. मी म्हटले, "रोज एक निघते. काढली की दुसऱ्या दिवशी तिची जागा भरलेली असते."

गंधार चपाती तोडता तोडता थांबला. "म्हणजे चारशेतून अकरा गेल्या, तरी चारशेच?"

"तूच मोज."

त्याने मोजल्या होत्या. त्याच्या चेहऱ्यावरून दिसले. तो म्हणाला, "आई, कंपनी शंभराच्या डब्यात दोन-तीन जास्त भरते. तू त्या विसरून ठेवल्या असशील, मग भोक दिसले की भरत असशील. वय झाले की होते असे. माझेही चष्म्याचे घर फ्रिजमध्ये सापडले परवा."

"ते ह्यांनी स्वतःच ठेवले होते," नमिता म्हणाली, "वर मलाच ओरडले."

हे स्पष्टीकरण वाईट नव्हते. मी त्याचा मनापासून विचार केला. विसरभोळ्या माणसाला आपण विसरतो हे कसे कळणार? म्हणून दुसऱ्या सकाळी मी जाड निघालेली पुंगळी चेपली नाही. ती तशीच गंधारच्या हातात दिली. त्याच्याकडे आकडा दाखवणारे नवे यंत्र आहे. त्याने चारही मापे घेतली.

"तेहेतीस. तेहेतीस. तेहेतीस." त्याने पुंगळी फिरवली. "आणि तेहेतीस. घे."

मी माझ्या मायक्रोमीटरवर घेतली. छत्तीस. त्याच्या यंत्रावर मी स्वतः घेतली. छत्तीस. त्याने माझ्या हातातून यंत्र घेतले, आणि पुन्हा तेहेतीस आले.

"तू बोट दाबतेस, आई."

"मी छत्तीस वर्षे बोट दाबलेले नाही."

"आता दाबतेस." हे तो फार हळू बोलला. मला त्याचे ओरडणे चालले असते. "पुढच्या आठवड्यात दोह्याच्या बिन महमूद भागात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. आणि पुंगळ्यांचे आता पुरे. दहा सप्टेंबरला, रविवारी सकाळी सहाला, मी पहिली वीस झाडणार आहे. व्यवस्थापकांना तारीख दिली आहे. खलास."

मी विचारले, "कोणती वीस?"

"कोणतीही वीस. चारशेच्या चारशे सारख्या आहेत, हेच तर आपले काम."

तो गेल्यावर मी खूप वेळ मेजापाशी बसून राहिले. डॉक्टर मला काय सांगतील ह्याची मला भीती नव्हती. डोळे खरोखर गेले असतील तर बरेच होते. मग ती छत्तीस माझ्या डोळ्यांत होती, पितळात नव्हती, आणि गंधार सुखरूप होता. डोळे शाबूत असतील तर मात्र चारशेतली एक कोणती, हे फक्त मला दिसत होते, आणि मी ती कितीही वेळा काढली तरी ती तेथेच होती.

बिन महमूदच्या डॉक्टरांनी सांगितले की पूर्वी झालेल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर माझी नजर त्यांच्या मदतनिसापेक्षा चांगली आहे.

५

इम्रान अठ्ठावीस तारखेला परतला. येताना माझ्यासाठी खुबानीचा डबा आणला. गंधार मैदानावर गेलेला पाहून मी त्याला विचारले, येथे पूर्वी कधी एका हाताने काम करणारा कारागीर होता का.

"एक हात से?" तो हसला. "अम्मा, एक हात से तो रोटी नहीं टूटती बराबर. ये काम कौन करेगा?"

"करायचेच ठरवले, तर कसे करील?"

त्याला प्रश्न आवडला. तो बाकापाशी गेला, विचार करू लागला, आणि मग त्याचा चेहरा बदलला.

"ऐसाइच करेगा," तो म्हणाला. त्याने व्हाइसकडे बोट दाखवले. पुंगळीला तो खोल म्हणतो. "मशीन इसमें बांधेगा, फिर एक हात से खोल घुमाएगा. पर ये व्हाइस मैं कब्बी इस्तेमाल नहीं करता, अम्मा. पूरा बंद करके गया था. ये किसने खोला?"

व्हाइसचे जबडे कातयंत्राच्या रुंदीइतके उघडे होते. त्यांच्या खाली, बाकाच्या फटीत, पितळेचा कीस साठला होता. सोनेरी, ताजा. जुना पितळी कीस येथल्या हवेत आठवड्याभरात काळवंडतो.

"गंधारसाहेब ने किया होएंगा," इम्रान म्हणाला, आणि फुंकर मारून कीस उडवून दिला. पण व्हाइस त्याने लगेच घट्ट मिटवला, आणि त्या दिवसापासून तो दुपारी साडेबाराला माझ्या आधी बाहेर पडू लागला.

६

गुरुवार, सात सप्टेंबर. मध्ये दोनच दिवस राहिले होते.

एक वाजता आवाज सुरू झाला. गंधार झोपल्याची मी खात्री केली. पलंगापाशी उभी राहून त्याचा श्वास ऐकला, दोन्ही हात पाहिले. मग खिळ्यावरची किल्ली घेतली, डोक्यावरून पदर घेतला आणि अंगणात उतरले.

दुपारी एक वाजता येथे सावली नसते. जमीन पांढरी, भिंती पांढऱ्या, आणि आकाशालाही रंग नसतो. घरापासून वळसा घालून कार्यशाळेच्या दारापर्यंत चाळीस पावले आहेत. विसाव्या पावलाला वाटले, परत जावे. मी काय पाहणार होते? रिकामी खोली दिसली असती तर मी वेडी ठरले असते, आणि रिकामी नसती तर काय झाले असते, ते मला ठरवता येत नव्हते. पण रविवारची सकाळ माझ्यासाठी थांबणार नव्हती.

दाराला कुलूप होते. दाराच्या वरच्या भागात हाताच्या पंजाएवढी जाळीची काच आहे. आवाज त्या काचेमागून येत होता. ठोका. कुरकुर. सर.

मी किल्ली लावली नाही. काचेला डोळा लावला.

उन्हातून पाहिल्यामुळे आधी सर्व काळे दिसले. मग बाक दिसला. मग बाकाशी बसलेली पाठ. अंगावर क्लबचा निळा सदरा होता. डाव्या खांद्यावर शिवण उसवली होती आणि ती पांढऱ्या दोऱ्याने घातलेली होती, कारण त्या दिवशी माझ्याकडे निळा दोरा नव्हता. तो सदरा मी दहा मिनिटांपूर्वी गंधारच्या खुंटीवर पाहिला होता.

तो डाव्या हाताने पुंगळी फिरवत होता. उजवी बाही कोपरापाशी दुमडून टाचणीने लावलेली होती.

त्याने फार सावकाश काम केले. पुंगळी काढली, डाव्या हाताच्या दोन बोटांत धरली, आणि दाराच्या काचेकडे वर उचलली. कारागीर आपले काम तपासनिसापुढे धरतो तशी. मला ती नीट दिसावी म्हणून बोटांनी ती फिरवली. एक बाजू. दुसरी. तिसरी.

डोके अजून पाठमोरे होते. त्याच्या मानेवरचे केस मी नदीवर न्हाऊ घालून वाढवलेल्या माझ्याच मुलाचे होते, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. मग तो वळू लागला, उजवीकडून.

गालाची कड येण्याआधी मी डोळे मिटले. तसे करण्याचा मला अधिकार होता की नाही, मला माहीत नाही.

मी घरी कशी आले ते आठवत नाही. गंधार पलंगावर होता. सदरा खुंटीवर होता. मी त्याचा उजवा हात हातात घेतला. तो जागा झाला.

"काय ग? हात किती थंड तुझे. एवढ्या उन्हाचे कोठे गेली होतीस?"

"कोठे नाही," मी म्हटले. "झोप."

७

जे पाहिले ते मी त्याला सांगितले नाही. सांगून काय मिळाले असते? त्याने मला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले असते आणि रविवारी वीस झाडली असती. त्याला पटेल अशी एकच गोष्ट माझ्यापाशी होती, आणि ती सांगायला मला छत्तीस वर्षे गिळावी लागणार होती.

शुक्रवारी सकाळी, सुट्टीचा चहा घेत असताना, मी म्हटले, "गंधार, शेवटच्या पन्नास इम्रानने कातलेल्या नाहीत. मी कातल्या."

त्याने कप ठेवला. "तू?"

"आणि तपासल्याही मीच."

नमिता भांडी विसळत होती, तिने नळ बंद केला.

"तू कातल्यास आणि तूच पास केल्यास," तो म्हणाला. "तू. मला चौथीत गणिताची वही फाडून परत लिहायला लावलेस, मी उत्तर मागच्या पानावर पाहिले म्हणून."

"एकीचे चौथे माप मी घेतलेले नाही. कोणतीचे, ते सांगता येत नाही."

"मी सगळ्यांची मापे घेतली आहेत, आई. गेल्या आठवड्यात. चारही बाजू. सगळ्या ठीक आहेत." तो उठला. "तुझ्या मनाला लागले आहे, हे समजते. पण मी व्यवस्थापकांना काय सांगू? माझ्या आईला एक माप आठवत नाही? हिवाळ्याचे कंत्राट ह्या खेपेवर आहे. माझा व्हिसा त्यावर आहे, तुझाही. मी रविवारी झाडणार."

"आई," नमिता म्हणाली, "झोपा जरा. डोळे बघा तुमचे."

मी उठले. कपाटातून नोंदवही काढली. ती गुरुवारी संध्याकाळीच मी घरी आणली होती. मेजावर त्याच्यापुढे उघडली.

त्या खेपेची आठ पाने होती. प्रत्येक पानावर माझी सही होती. आदल्या रात्री मी प्रत्येक सहीवर पट्टीने एक सरळ रेघ मारली होती, खाली तारीख घातली होती आणि लिहिले होते: तपासणी रद्द, तपासनीस अपात्र.

गंधारने पाने उलटली. शेवटच्या पानापर्यंत आला.

"हे काय केलेस?"

क्लबचा नियम मला ठाऊक होता आणि त्यालाही. सही नसलेल्या खेपेतले एकही काडतूस मैदानावर नेता येत नाही. सही रद्द झालेली खेप पुन्हा तपासायची असेल तर बाहेरचा तपासनीस लागतो, तो मिळायला महिने लागतात. दुसरा मार्ग, खेप चेपून भंगारात घालणे.

"आई, ह्याने माझी नोकरी जाऊ शकते."

"जाऊ दे."

"जाऊ दे?"

"तू राहा," मी म्हटले.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही. व्यवस्थापकांना पत्र लिहिले, त्यात माझे नाव घातले नाही, स्वतःच्या कार्यशाळेची चूक म्हणून लिहिले. ते मला नमिताने नंतर सांगितले. दोन्ही दुपारी भिंतीतून आवाज आला. पूर्वीपेक्षा घाईचा वाटला, पण हे मी शपथेवर सांगणार नाही.

८

रविवार, दहा सप्टेंबर, सकाळी सहा.

मैदानावर कोणी गेले नाही. कार्यशाळेत इम्रानने हातदाबाचे यंत्र बाकाला बसवले. एक पुंगळी ठेवायची, दांडा खाली ओढायचा, ती चपटी होऊन डब्यात पडायची. गंधार साच्यातून एकेक पुंगळी काढून देत होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता. मी माझ्या मेजाशी बसले होते. मला तेथे बसण्याचे काही कारण उरले नव्हते, पण कोणी ऊठ म्हटले नाही.

"चार सौ नई खोलां," इम्रान दांडा ओढत पुटपुटला. "बिल्कुल कोरी. एक भी नहीं चली. दिल दुखता, साहेब."

"यल्ला, हात चालव," गंधार म्हणाला.

पहिला साचा संपला. दुसरा, तिसरा, चौथा. पितळ चेपल्याचा ठक असा आवाज, डब्यात पडल्याचा खण असा आवाज. सूर्य वर आला, काच तापली. पाचव्या साच्यातली तिसरी की चौथी ओळ चालू होती. गंधारचा हात साच्याकडे गेला आणि तेथेच राहिला.

"इम्रान," तो म्हणाला. "ही तू ठेवलीस?"

इम्रानने वाकून पाहिले. त्याने दांड्यावरचा हात काढून घेतला. "नहीं, साहेब." मग म्हणाला, "ये तो चली हुई है."

मी उठून जवळ गेले. मला कोणी अडवले नाही.

कोऱ्या, चकचकीत पुंगळ्यांच्या ओळीत एक काळी होती. तिची मान एका बाजूने खांद्यापर्यंत उभी फाटली होती आणि फाटेच्या कडा बाहेर वळल्या होत्या. बूड सुजले होते. जेथे पेट घेणारी टोपी बसते तेथे पितळ वितळून मागे वाहिले होते. ह्या खेपेतल्या एकाही पुंगळीत अजून दारू भरलेली नव्हती.

गंधारने ती उचलली आणि लगेच दुसऱ्या हातात घेतली, मग पुन्हा पहिल्या.

"गरम आहे," तो म्हणाला.

त्याने ती नाकाशी नेली. जळलेल्या दारूचा वास मलाही आला. तो वास काही तासांत उडतो, हे तेथे उभ्या असलेल्या तिघांनाही ठाऊक होते. त्याने पुंगळी फिरवून फाटलेली बाजू पाहिली. मग मेजावरचा माझा मायक्रोमीटर उचलला, फाटेच्या कडेला लावला, आकडा वाचला आणि मायक्रोमीटर माझ्यापुढे धरला. मी वाचला नाही. मला माहीत होता.

"आई," तो म्हणाला, "तू मला काय सांगितले नाहीस?"

"रविवार टळला की सांगीन," मी म्हटले.

तो बाकाच्या कडेवर बसला. त्याने आपला उजवा हात पुढे केला, पंजा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. इम्रान तोंडातल्या तोंडात काही म्हणत होता, बहुधा प्रार्थना. मग गंधार उठला, काळी पुंगळी स्वतःच यंत्रात ठेवली आणि दांडा ओढला. उरलेल्या त्याने स्वतः चेपल्या. शेवटची चेपली तेव्हा साडेबारा वाजत आले होते. आठही साचे रिकामे होते.

आम्ही कुलूप लावले आणि घरी आलो. एक वाजला, दीड वाजला. नमिताने पाने वाढली. गंधार भिंतीकडे कान देऊन बसला होता. तो कशासाठी कान देतो आहे, हे मी त्याला सांगितले नव्हते. भिंतीतून काही आले नाही.

जेवायला मी नेहमीची जागा सोडून त्याच्या उजव्या बाजूस बसले. त्याने विचारले नाही. त्याने भात कालवला, घास उचलला, आणि खाताना त्याचा उजवा गाल हलताना मी पाहत राहिले, पान निवेपर्यंत.